कण्याच्या बाकाची शस्त्रक्रिया: घरच्यांनी हात कुठे द्यावा, कुठे आखडता घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्याच्या एका आईने लिहिले आहे की, त्यांच्या १४ वर्षांच्या मुलीच्या पाठीच्या कण्याला ५६ अंशांचा बाक आहे आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिची शस्त्रक्रिया ठरली आहे. घर सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. आईला नोकरीतून १५ दिवसांची रजा मिळणार आहे. लहानपणीच मालीश करून पट्टा बांधला असता तर ही वेळ आली नसती, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. मुलगी स्वतः फारसे बोलत नाही. ‘आम्ही तिच्यासाठी काय काय करायचे?’ असे विचारून त्यांनी पत्र संपवले आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात गेली २६ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेली मुले हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून तुमच्या प्रश्नाला मी आधी एक उलटा प्रश्न जोडते: कोणती गोष्ट तिच्यासाठी कधी करायची थांबवायची? दुर्लक्षामुळे रखडलेली मुले मी मोजकीच पाहिली. काळजीपोटी पाण्याचा पेलासुद्धा उचलू न दिल्यामुळे रखडलेली पुष्कळ पाहिली.

सासूबाईंच्या म्हणण्याचा निकाल मात्र पहिल्यांदा लावावा लागेल, कारण तो सल तुमच्या मनातही आहे, हे पत्रावरून दिसते. या वयात दिसणाऱ्या बहुतेक बाकांचे निश्चित कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेले नाही. दप्तराचे ओझे, वाकून बसण्याची सवय, मोबाइल किंवा कॅल्शियमची कमतरता यांनी असा बाक येत नाही. यात कणा नुसता एका बाजूला झुकत नाही, तर मणके स्वतःभोवती पिळले जातात आणि त्यांच्याबरोबर बरगड्याही फिरतात. म्हणूनच मूल ओणवे झाले की पाठीची एक बाजू उंच दिसते. पिळलेला मणका तेलाने किंवा दाबण्याने सरळ होत नाही. डॉक्टरांनी मापून दिलेला टणक पट्टा उपयोगी पडतो, पण तो साधारण २५ ते ४० अंशांच्या बाकासाठी आणि उंची वाढत असेतोवरच, आणि तेव्हाही त्याचे काम बाक वाढू न देण्याचे असते. ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेलेला बाक उंची वाढायची थांबल्यानंतरही हळूहळू वाढत राहण्याची शक्यता असते, म्हणून तुमच्या मुलीला शस्त्रक्रिया सुचवली गेली आहे. पुढच्या वेळी सासूबाईंनाच सर्जनकडे बरोबर घेऊन जा आणि एक्स-रे पडद्यावर असताना त्यांना त्यांचा प्रश्न विचारू द्या. सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यात घराघरांत फरक पडतो, हे आपण दोघीही जाणतो.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे, कारण नंतरचे सगळे पथ्य त्यातूनच येते. मुलीला पालथे झोपवून पाठीच्या मध्यावर छेद घेतात, ठरलेल्या मणक्यांमध्ये स्क्रू बसवतात, त्यांना दोन धातूच्या सळ्या जोडून कणा शक्य तितका सरळ करतात आणि त्या मणक्यांवर हाडाचा चुरा पसरतात. खरे काम या चुऱ्याचे असते. तो मणक्यांना सांधतो आणि काही महिन्यांनी तेवढा भाग एकसंध हाड बनतो. तुम्ही नवी मुंबईत राहता, तेव्हा स्लॅब भरताना पाहिला असेल: काँक्रीट घट्ट होईपर्यंत भार सेंटरिंगच्या टेकूंवर असतो. इथे सळ्या म्हणजे ते टेकू. फरक इतकाच की, हाड जुळल्यावरही त्या सहसा काढत नाहीत. हाड पक्के जुळायला सहा महिने ते एक वर्ष लागते, आणि त्या काळात कंबरेतून वाकणे, पाठ पिळणे आणि जड उचलणे टाळायचे असते. चालण्याने मात्र काही बिघडत नाही. हा भेद न कळल्यामुळे लोक चालणेही बंद करतात आणि मग छातीत कफ साठणे, पोट न हालणे, पायांतली ताकद जाणे अशी दुखणी ओढवून घेतात.

लकव्याची भीती तुम्ही उघड लिहिलेली नाही, पण ‘पायांचे काही होणार नाही ना’ एवढे एक वाक्य पत्रात आहे. शस्त्रक्रिया चालू असताना मेंदू आणि पाय यांच्यामधले मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर सतत पाहिले जातात आणि संदेशात फरक पडल्यास सर्जन तिथेच हात थांबवतात. या वयातल्या, दुसरा कोणताही आजार नसलेल्या मुलांमध्ये मज्जारज्जूला इजा होण्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. तरी हा प्रश्न तुम्ही सर्जनना थेट विचारावा, आणि मुलीच्या समोर विचारावा. १४ वर्षांच्या मुलीने दाराआडून ऐकलेले अर्धे उत्तर पूर्ण उत्तरापेक्षा अधिक घाबरवणारे असते.

आता तयारीविषयी. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आजपासून नियमित द्या, कारण या शस्त्रक्रियेत रक्त जाते आणि ते भरून यायला आठवडे लागतात. श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलण्याचे जे प्लॅस्टिकचे यंत्र मिळते, ते आधीच आणून तिच्याकडून दिवसातून चार-पाच वेळा सराव करून घ्या. घरात तिच्या रोजच्या वापरातल्या वस्तू कंबर ते खांदा या उंचीवर आणून ठेवा. खालच्या खणातले कपडे आणि ओट्याखालचा डबा या दोन्ही जागा तिला सहा महिने निषिद्ध आहेत. गादी जमिनीवर असेल तर पलंगाची सोय करा. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची विकत किंवा भाड्याने मिळते, ती आधी घरी यावी. विम्याची पूर्वमंजुरी आणि रक्ताची व्यवस्था ही कामे वडिलांनी स्वतःकडे घ्यावीत. बसवलेल्या स्क्रू-सळ्यांची स्टिकर लावलेला कागद फाइलमध्ये आहे ना, हेही त्यांनीच घरी निघण्यापूर्वी पाहावे. तो कागद तिला पुढे आयुष्यभर लागणार आहे.

एक गोष्ट मुली विचारत नाहीत आणि आयाही विसरतात. शस्त्रक्रियेच्या ताणाने मासिक पाळी आधी किंवा उशिरा येऊ शकते, कधी नेमकी रुग्णालयातच येते. ‘आली तरी काही अडत नाही, नर्सला सांगायचे, मी सामान बरोबर घेतले आहे,’ एवढे तुम्ही तिला आधी सांगून ठेवलेत, तर तिच्या न बोलण्यामागचे निम्मे ओझे उतरेल असा माझा अंदाज आहे. त्याच बोलण्यात हेही सांगा की, शुद्धीवर येताना लघवीची नळी लावलेली असेल आणि बहुधा ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढतील.

तुम्हालाही एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. काही तास पालथे झोपवल्यामुळे तिचा चेहरा, विशेषतः पापण्या, सुजलेल्या दिसतील. आयसीयूच्या दारातून हे पहिल्यांदा पाहिले की आईला भोवळ येते. ही सूज दोन-तीन दिवसांत उतरते.

बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच दिवशी बसवतात किंवा उभे करतात. याच वेळी घरच्यांचे हात चुकतात. मूल उठू लागले की आपण आपोआप त्याचा हात धरून ओढतो किंवा काखेत हात घालून उचलतो, आणि दोन्ही प्रकारांत नव्याने बांधलेल्या पाठीला पीळ बसतो. बरोबर पद्धत अशी: आधी दोन्ही गुडघे उभे करायचे, ज्या कुशीला वळायचे त्या बाजूला दुसरा हात छातीवरून न्यायचा, मग खांदा, कंबर आणि गुडघे एकाच क्षणी, लाकडाचा ओंडका लोटावा तसे वळवायचे. कुशीवर आल्यावर पाय पलंगाबाहेर सोडायचे आणि पायांच्या भाराचा फायदा घेऊन, खालचे कोपर आणि वरचा तळवा गादीवर रेटत तिने स्वतः बसते व्हायचे. तुमचा एक हात तिच्या खांद्यामागे आणि दुसरा नितंबावर असावा, पण तो आधारासाठी, जोर तिचा. बसल्यावर लगेच उभे करू नका. रक्तदाब उतरल्याने चक्कर येते, तेव्हा दोन मिनिटे पाय लोंबते ठेवून, समोर पाहत खोल श्वास घेऊ द्या. माझा आग्रह असतो की, हे सगळे शस्त्रक्रियेच्या आधी पंधरा दिवस घरच्या पलंगावर दररोज करावे. ज्या मुलीचे अंग ही कूस आधीच शिकलेले असते, तिला दुखत असतानाही ती करता येते.

वेदनेचे सर्वांत कठीण दिवस सहसा दुसरा ते चौथा असतात. शिरेतून दिलेली औषधे कमी होऊन तोंडाने गोळ्या सुरू होतात तो हा काळ. त्याबाबतीत एक चूक माझ्या स्वतःच्या हातून झालेली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत, माझ्या मावसबहिणीच्या मुलाला घरी आणल्यावर, ‘झोपला आहे तर कशाला उठवता, दुखेल तेव्हा गोळी द्या,’ असे मीच सांगितले. पहाटे तीनला तो दुखण्याने किंचाळत उठला आणि दुखणे पुन्हा आवाक्यात यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते की, पहिले सात-आठ दिवस गोळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेला, घड्याळ लावून, रात्रीही द्याव्यात. दुखण्याची वाट पाहू नये. वेळ आणि गोळी एका वहीत लिहा. घरातली दुसरी कोणतीही वेदनाशामक किंवा सर्दीची गोळी आपल्या मनाने देऊ नका, कारण सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच आणि मात्रा नकळत दुप्पट होते.

या औषधांनी पोट साफ होत नाही आणि घरी आल्यावर निम्म्या मुलांची पहिली तक्रार पाठीची नसतेच, पोटाची असते. डॉक्टरांनी दिलेले सारक टाळू नका. भिजवलेले काळे मनुके, पपई, ताक, भरपूर पाणी हे त्याच्या जोडीला चालेल, बदली नाही. ‘ताकद यावी’ म्हणून पहिल्याच आठवड्यात डिंकाचे लाडू आणि साजूक तुपाचा शिरा यांचा मारा नको. मऊ भात, मूगडाळीचे वरण, अंडे, पनीर, थोडे थोडे आणि वरचेवर पुरे. मात्र उलट्या थांबतच नसतील, त्या हिरवट असतील आणि पोट फुगलेले असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना कळवा. कणा सरळ झाल्यावर लहान आतड्याच्या सुरुवातीचा भाग रक्तवाहिनीच्या दाबाखाली येण्याचा प्रकार क्वचित होतो, आणि बारीक चणीच्या मुलींत त्याचा संभव जास्त असतो.

रुग्णालयातून घरी सोडतात ते साधारण चार ते सहा दिवसांनी. निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळीची वेळ येईल असे बघा. पुढच्या सीटची पाठ थोडी मागे करून तिला तिथे बसवा आणि चालकाला सांगा की, रस्ता लांबचा पडला तरी चालेल, पण खड्डे आणि गतिरोधक कमी असावेत. घोडबंदर रस्त्याने आणलेल्या मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहिले.

आता तुमचे तीन मजले. तुमच्या पत्रात दोन काकांनी तिला खुर्चीत बसवून वर न्यायचा बेत आहे. तो कृपा करून रद्द करा. अरुंद जिन्यात, वळणावर, खुर्ची तिरकी होते आणि एकाचा पाय घसरला तर तिघेही जातात. बहुतेक ठिकाणी घरी सोडण्याआधी फिजिओ चार-सहा पायऱ्या चढवून पाहतातच. तसे झाले नसेल तर तुम्ही मागणी करा. ती स्वतःच्या पायांनी चढेल: एक हात कठड्याला, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी, मागे एक पायरी खाली वडील, आणि प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांची खुर्ची बाहेर मांडून ठेवलेली. वीस मिनिटे लागली तर लागू देत. मग पहिला आठवडा खाली उतरण्याची गरज नाही; घरातच दर दोन तासांनी पाच मिनिटे चालणे पुरे. नंतर डॉक्टरांच्या संमतीने दिवसातून एकदा खाली आणि वर. माझ्या मते लिफ्ट नसणे ही तुमची अडचण जितकी आहे तितकाच तो तुमचा व्यायामशाळेचा खर्च वाचवणारा जिना आहे, फक्त जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ओल्या पायऱ्यांवर तिला एकटीला सोडू नका.

घरी आल्यावर रोज रात्री स्वतःशी एकच हिशेब करा: आज तिच्यासाठी मी केलेले कोणते काम उद्या ती स्वतः करू शकेल? पहिल्या दिवशी तुम्ही पाणी हातात द्याल. तिसऱ्या दिवशी पेला तिच्या हाताजवळ ठेवाल. पाचव्या दिवशी ती स्वयंपाकघरापर्यंत जाऊन घेईल. कुशीवर वळताना आधी तुमचे दोन हात, मग एक, मग नुसते शेजारी उभे राहणे. आंघोळ जखम पूर्ण कोरडी होऊन डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, खुर्चीवर बसून. तोवर अंग पुसणे. पाय धुणे आणि मोजे घालणे मात्र बराच काळ तुमच्याकडेच राहील, कारण त्यासाठी वाकावे लागते. जमिनीवर मांडी घालून बसणे डॉक्टर सांगेपर्यंत बंद, म्हणजे देवापुढे आणि जेवायलाही खुर्चीच. झोपताना उताणे असेल तर गुडघ्यांखाली, कुशीवर असेल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवावी.

रजेबद्दल माझे मत तुम्हाला विचित्र वाटेल. सगळे १५ दिवस सुरुवातीला संपवू नका. पहिल्या आठवड्यात रुग्णालय आणि उत्साही नातेवाईक दोन्ही असतात. तिसऱ्या आठवड्यात कोणी नसते, आणि मुले खचतात ती बहुधा तेव्हाच. मैत्रिणी सुटीत फिरायला गेलेल्या असतात, दुखणे कमी झालेले असते पण संपलेले नसते, आणि पाठ फळीसारखी वाटत असते. त्यासाठी पाच दिवस राखून ठेवा. रात्रीच्या पाळ्या वडिलांनी एक दिवसाआड घ्याव्यात. न झोपलेली आई चौथ्या दिवशी चिडते आणि मग त्याचा दोष स्वतःलाच देत बसते. मुलीला ‘बरे वाटते का?’ हे दिवसातून वीस वेळा विचारू नका, कारण तुमच्या समाधानासाठी ती ‘हो’ म्हणायला शिकेल. सकाळ-संध्याकाळ दुखणे शून्य ते दहामध्ये किती, एवढे विचारा, वहीत लिहा आणि विषय बदला.

तिच्या शरीरात काही बदल होतील, ज्यांचे तिला आश्चर्य वाटेल. उंची दोन-चार सेंटिमीटर वाढलेली दिसेल. व्रणाच्या आसपास बधिरपणा राहील आणि तो कमी व्हायला महिने लागतील. खांदे काही काळ वरखाली दिसू शकतात. नातेवाइकांनी येऊन ‘दाखव बघू पाठ’ म्हटले तर नकार तुम्ही द्यायचा आहे, तिने नव्हे.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, कमी होत आलेले दुखणे अचानक वाढणे, पायांत नवा अशक्तपणा किंवा मुंग्या, लघवी न होणे, पोटरीला सूज, धाप लागणे: यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करा.

जूनच्या मध्यावर शाळा उघडेल तेव्हा पाचवा आठवडा चालू असेल. पुष्कळ मुली चार ते सहा आठवड्यांनी अर्ध्या दिवसाने सुरुवात करतात. तिचे हे दहावीचे वर्ष असेल, म्हणून तुम्हाला घाई असणे स्वाभाविक आहे, तरी पहिले काही दिवस चार तासच. मुख्याध्यापिकांना आधीच पत्र द्या: पुस्तकांचा एक संच वर्गात ठेवण्याची मुभा, तळमजल्याचा वर्ग शक्य असल्यास तो, दर तासाला उभे राहण्याची परवानगी, मधल्या सुटीच्या गर्दीआधी पाच मिनिटे सुटका. खेळाच्या तासाला वर्षभर नाव वगळायची गरज नसते. धावणे, पोहणे यांची परवानगी सर्जन साधारण तीन ते सहा महिन्यांत एक्स-रे पाहून देतात, धक्काबुक्कीचे खेळ त्याहून उशिरा. पुढे लग्न, बाळंतपण यांत ही शस्त्रक्रिया सहसा आड येत नाही, फक्त कमरेत भुलीचे इंजेक्शन देण्याआधी भूलतज्ज्ञांना सळ्यांची माहिती द्यावी लागते. हे सासूबाईंच्या कानावर घाला. त्यांच्या मालीशच्या आग्रहामागे बहुधा हीच काळजी असेल.

आणि त्यांच्याकडे एक काम आवर्जून सोपवा. सुरुवातीचे आठवडे मुलीला दोन्ही हात डोक्यामागे नेणे जमणार नाही. ती खुर्चीत बसेल, आजी मागे उभ्या राहतील आणि तिची वेणी घालतील. तेल केसांनाच, व्रणाला नाही. साधारण सहाव्या आठवड्यात हात सहज वर जाऊ लागले की, आजींनी कंगवा तिच्या हातात द्यावा.